बारा नंबरची टाकी

"अहो, तिथे नको! तिथे ग्लास ठेवू नका!"

मी एवढ्या जोरात ओरडले की कॅन्टीनमधल्या चार-पाच जणांचे घास हातातच थांबले. पण उशीर झाला होता. समोरच्या माणसाने वाफाळत्या चहाचा ग्लास बरोबर माझ्या चकतीच्या मधोमध टेकवला होता.

"ही... बशी नाही?" त्याने अगदी निरागसपणे विचारलं.

"बशी!" मी ग्लास उचलून त्याच्या हातात जवळजवळ कोंबलाच. "हा ट्रान्समीटरचा पडदा आहे. कागदासारखा पातळ. याला मी बोटसुद्धा लावत नाही, आणि तुम्ही चहा ठेवता?"

"पण मग हा पडदा जेवणाच्या टेबलावर काय करतोय?"

प्रश्न बिनतोड होता, म्हणून मला जास्तच राग आला.

त्याचं असं झालं होतं की वर्कशॉपमधल्या आमच्या टेबलाचा पाय त्याच सकाळी मोडला होता. आणि या ट्रान्समीटरला तर लांबलचक सपाट टेबल हवं. मध्ये दोन मुठींएवढं यंत्र, त्यातून निघालेल्या पाच-पाच मीटरच्या दोन बारीक नळ्या आणि प्रत्येक नळीच्या टोकाला पातळ पडद्याची एक स्टीलची चकती. नळ्यांमध्ये काठोकाठ तेल भरलेलं. दोन्ही चकत्या एकाच उंचीवर ठेवल्या की यंत्राने शून्य दाखवायला हवं. ते पाहिल्याशिवाय पुढची मापजुळणी, म्हणजे कॅलिब्रेशन, करायची नाही. असं टेबल साऱ्या कारखान्यात एकच होतं, कॅन्टीनचं. म्हणून जेवणाची सुट्टी सरत आल्यावर मी तिथे माझा संसार मांडला होता.

"काही बिघडलं का?" तो वाकून माझ्या हातातल्या, आकडे दाखवणाऱ्या कम्युनिकेटरकडे पाहू लागला. आकडा भलतीकडेच पळाला होता.

"वजन पडलं, शिवाय चहा गरम. तेल तापलं की फुगतं, फुगलं की आकडा हलतो. आता थंड होऊ दे... तुम्ही जरा लांब बसा. नुसता श्वास सोडलात तरी हलेल."

"मग रोखतो," तो म्हणाला आणि खरोखरच गाल फुगवून बसला. पाच सेकंद... दहा... चेहरा लाल व्हायला लागला.

मी हसले. हसायचं नव्हतं, पण हसले.

आकडा हळूहळू परत शून्यावर आला. मी दोनदा तपासलं. पडदा शाबूत होता.

"मी कंट्रोल रूममध्ये, पॅनलवर असतो," तो उठताना म्हणाला. "आजवर तुमच्या खात्यातल्या कुणी एवढं ओरडून काही समजावलं नव्हतं. आभारी आहे!"

तो गेल्यावर शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "हा मास्तर. लॉगबुकात कुणी ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं की दुरुस्त करतो. डावरा आहे बघ, बोटाला कायम शाई."

मी बोटांकडे पाहिलं नव्हतं. पुढच्या वेळी मात्र पाहिलं.

* * *

आमच्या कारखान्यात लाकूड चिकटवायचा पांढरा गोंद बनतो. टाकीत गोंद किती आहे हे साध्या नळीने मोजायला गेलं तर आठवड्यात नळीच गच्च होते. म्हणून बारा नंबरच्या टाकीला हा चकत्यांचा ट्रान्समीटर आणला. एक चकती टाकीच्या बुडाशी, दुसरी तिच्या तीन मीटर वर. पडदा गोंदाला आत येऊ देत नाही, फक्त त्याचा दाब पुढे कळवतो. मी नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झाले होते आणि हे काम काकांनी माझ्या एकटीवर सोपवलं होतं. काका म्हणजे आमच्या इन्स्ट्रुमेंट खात्याचे प्रमुख, सगळ्यांचेच काका. मला सगळे मीटरबाई म्हणत.

बसवायच्या दिवशी मी टाकीवर होते, कमरेला वॉकीटॉकीचा सेट.

"पॅनल, ऐकू येतंय का? टाकी रिकामी आहे. तुमच्याकडे किती दिसतंय?"

"उणे दाखवतंय, तेही लाल रंगात." आवाज तोच, चहावाला. "माझ्या ग्लासामुळे नाही ना?"

"नाही हो. वरच्या चकतीपासून खालपर्यंत तीन मीटर तेलाचं वजन लटकतंय. रिकाम्या टाकीचा आकडा उणे दोन हजार आठशे मिलिमीटरच्या आसपास यायलाच हवा. आता मी यंत्राला सांगते, बाबा रे, यालाच तू शून्य म्हण."

"म्हणजे टाकीत थेंब नसतानाही तिच्यावर ओझं असतं?"

"असतंच."

"बिचारी," तो म्हणाला.

त्यानंतर आम्ही पाणी भरत गेलो. पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. मी वरून गज घालून मोजायचे, तो आकडा वाचायचा. पाणी गोंदापेक्षा हलकं, त्यामुळे प्रत्येक वेळी हिशेब करून ताडून पाहायचं. दुपारचं ऊन डोक्यावर, हात तेलकट, आणि कानात तो शांत आवाज. वाक्य पूर्ण करणारा... आकडा सांगून झाल्यावर एक क्षण थांबणारा, मी लिहून घेईपर्यंत.

"झालं?" तो विचारायचा.

"झालं."

"सावलीत उभ्या आहात का?"

"टाकीवर कुठली आलीय सावली?"

"मग पुढचा आकडा पटकन सांगतो."

शेवटी नळ्या लांब पडल्या. खालच्या चकतीची नळी टाकीमागे सावलीत बसली. वरच्या नळीचं उरलेलं वेटोळं मी पश्चिमेच्या कठड्याला बांधून टाकलं, कठडा हाताशी होता म्हणून. त्यावर इन्सुलेशनचं आवरण चढवायचं होतं, पण स्टोअरमध्ये ते संपलेलं होतं. पुढच्या आठवड्यात आलं... आणि चढवायचं राहून गेलं. माझ्याकडूनच.

* * *

पुढच्या मंगळवारी तीनच्या सुमाराला सेटवर आवाज आला. "मीटरबाई, बारा नंबर जरा खाली उतरल्यासारखा वाटतोय. पंप बंद आहे, तरी. बघता का?"

हातातलं काम संपवून मी साडेचारला पोचले. आकडा जागेवर होता. लॉगबुकात लिहिलं, 'तपासले. काही दोष नाही. दुरूस्तीची गरज नाही.' दुसऱ्या दिवशी पाहिलं तर माझ्या 'रू'ची शेपटी निळ्या शाईने खोडून तिथे नीटस ऱ्हस्व 'रु' बसवलेला.

गुरुवारी पुन्हा बोलावणं, शनिवारी पुन्हा. दर वेळी दुपारी तीनच्या आसपास, आणि मी पोचेपर्यंत सगळं आलबेल. खात्यात कुजबुज सुरू झाली. सेट वाजला की कुणीतरी खाकरायचं. "जा बाई जा, बारा नंबरला तुझ्याशिवाय करमत नाही." मी वरवर चिडायचे. पण निघण्याआधी पाण्याच्या पिंपात डोकावून केस सारखे करायचे, हे कुणाच्या नजरेतून सुटत नव्हतं.

चौथ्यांदा बोलावलं तेव्हा मी गेले तर टाकी धुवायला काढलेली, आत काहीच नाही. आणि तो स्वतः टाकीखाली उभा, दोन्ही हातांत चहाचे ग्लास.

"पॅनल कुणाकडे?" मी विचारलं.

"दहा मिनिटांसाठी बदली मागितली."

"आणि दोष काय आहे?"

त्याने वर पाहिलं, टाकीकडे. मग ग्लासाकडे. "दोष... आता सापडत नाही."

आम्ही तिथेच लोखंडी जिन्याच्या पायरीवर बसून चहा प्यायलो. तो शाळेत शिकवायचा, शाळा बंद पडली, म्हणून इकडे आला. घरी वडील, त्यांना दिसत नाही, त्यांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवतो. मी आत्याजवळ राहते, आई-बाबा दुसऱ्या गावी. इतकंच बोललो. पण पायरी अरुंद होती आणि त्याच्या बाहीची कडा माझ्या बाहीला लागत होती... दोघांपैकी कुणीही सरकलं नाही.

लॉगबुकात मी लिहिलं, 'तपासले. काही दोष नाही.'

संध्याकाळी त्याचा घरी फोन आला. शुद्धलेखनाची एक शंका होती म्हणे, लॉगबुकातली. फोन आत्याने उचलला. आत्याने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली. माणूस चेहऱ्याने नाही, आवाजाने ओळखते. मला रिसीव्हर देताना तो हाताने झाकून म्हणाली, "शंका-बिंका काही नाही याला. पण आवाज सरळ आहे. 'आहेत का' असं विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली. हल्ली वाट कोण पाहतं गं?"

मी फोनवर काय बोलले ते आठवत नाही. आत्या मात्र त्या रात्री गुणगुणत झोपली.

* * *

त्यानंतरचा सोमवार. तीन वाजून दहा मिनिटं.

"मीटरबाई, बारा नंबर कमी दाखवतोय. भरणं चालू आहे. आत्ता येता का?"

मी तेव्हा दुसऱ्या टोकाला एका व्हॉल्व्हशी झटत होते. आणि मला वाटलं... काय वाटलं ते सांगायलाही लाज वाटते. मी सेट तोंडाशी धरून हसत म्हणाले, "मास्तर, आज चहा नको. फार काम आहे!"

सेट सगळ्यांकडे असतो. सगळा कारखाना हसला. कुणीतरी शिटी मारली. मग पलीकडून मास्तर म्हणाला, "ठीक आहे."

पंचवीस मिनिटांनी बारा नंबर उतू गेली.

पांढरा गोंद झाकणातून उसळून टाकीच्या अंगावरून ओघळला, जिन्यावरून खाली आला, सबंध अंगणभर पसरला. धावून गेलेल्या तिघांचे बूट जागच्या जागी चिकटले आणि ते नुसत्या मोज्यांवर परत आले. एरवी वर्षभर हसण्यासारखी गोष्ट. पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. टाकी भरली की घंटा वाजवणारा वरचा धोक्याचा स्विच गोंदात अडकून कधीचा मुका झाला होता, हेही तेव्हाच कळलं. पॅनलवर चौऱ्याण्णव टक्के दिसत होते. नियमाप्रमाणे तिथवर भरायचं. त्याने नियमाप्रमाणेच भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी पॅनलवर दुसराच माणूस होता. मास्तरला चौकशी होईपर्यंत गोणी गोदामात पाठवलं होतं.

मी धावत गोदामात गेले. तो गोण्या मोजत होता. बोटांना शाई नव्हती, धूळ होती.

"तुम्ही सांगितलं का साहेबांना? तुम्ही मला बोलावलं होतंत, मी आले नाही—"

"चूक माझी आहे," तो म्हणाला. माझ्याकडे न पाहता. "तुम्ही जा. इथे धूळ फार आहे."

बस्स. एवढंच.

दुपारी साहेबांनी मला आणि काकांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक कागद होता. ते वळणदार अक्षर मी कुठेही ओळखलं असतं.

"त्याने लिहून दिलंय," साहेब म्हणाले, "की ट्रान्समीटर बसवण्याआधी कॅन्टीनमध्ये त्याने पडद्यावर गरम ग्लास ठेवला होता, त्यामुळे पडदा बिघडला असावा. तुम्ही तांत्रिक माणसं, तुम्ही सांगा. असं होऊ शकतं?"

मी कागदाकडे पाहत राहिले. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नव्हतं. आणि तो ग्लास सोडला तर एकही शब्द खरा नव्हता. मला केलेली पाच बोलावणी, माझ्या चार नोंदी, सेटवरचं माझं ते हसणं, कशाचाच उल्लेख नाही.

"हो" म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. तो पॅनलवरून कायमचा गेला असता आणि माझ्या नोकरीला धक्काही लागला नसता. काकांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. 'हो' म्हण आणि मोकळी हो, असं.

"उद्या सांगते, साहेब," मी म्हणाले. "उद्या दुपारी तीननंतर."

केबिनबाहेर काका तडकले. "डोकं फिरलंय का तुझं? हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागतेस? नवी नोकरी आहे."

"काका, त्या ग्लासानंतर मी दोनदा शून्य तपासलं होतं. पडदा चांगला होता."

"मग काय बिघडलं?"

तेच तर मला माहीत नव्हतं. पण एक गोष्ट आता डोक्यात टोचू लागली होती. त्याचं बोलावणं नेहमी तीनला यायचं आणि मी नेहमी साडेचारला जायचे. घड्याळात तीन वाजून गेले होते. मी तशीच टाकीकडे सुटले, जिना चढले. पश्चिमेचं ऊन भट्टीसारखं अंगावर येत होतं. कठड्याला बांधलेल्या वेटोळ्याला हात लावला—

हात पोळला.

तिथेच उभी राहिले. खालची नळी सावलीत गार आणि वरची नळी उन्हात उघडीवाघडी. आतलं तेल तापणार, फुगणार, वरच्या बाजूने यंत्रावर दाब देणार आणि यंत्र बिचारं टाकी आहे त्यापेक्षा कमी भरलेली दाखवणार. सव्वाचारला शेजारच्या गोदामाची सावली कठड्यावर आली. मी पुन्हा पुन्हा बोट लावून पाहत होते. नळी निवत गेली. साडेचारला सगळं आलबेल!

चहाच्या एका ग्लासासाठी ज्या मुलीने सगळं कॅन्टीन डोक्यावर घेतलं, तिनेच नळी उन्हात टांगली होती. आणि तो पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. मी मात्र केस सारखे करत होते.

घरी जेवण गेलं नाही. आत्याने ताट सरकवलं आणि विचारलं, "तो फोनवाला गप्प का झालाय?"

मी सगळं सांगितलं. सांगताना रडलेही.

आत्या ऐकून घेऊन म्हणाली, "एक्स्चेंजमध्ये माझ्या हातून चुकीची लाईन जोडली गेली की मी आधी म्हणायचे, 'चूक माझी, थांबा.' लोक दोन शिव्या द्यायचे. दे बाबा, द्यायच्या तेवढ्या दे. पण मग लाईन नीट लागायची. ज्या मुली गप्प राहायच्या ना, त्यांच्या बोर्डवर दिवसभर गोंधळ." मग थांबून म्हणाली, "आणि काय गं, त्याने तुझ्यासाठी खोटं लिहिलं?"

"हो."

"शुद्धलेखन तपासणाऱ्याने! मग प्रकरण गंभीर आहे."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांना म्हणाले, "मला तासभर मास्तर पॅनलवर हवेत. आणि तुम्ही त्यांच्या शेजारी. आणि बागेतली झारी."

"झारी कशाला?"

"दाखवते."

साहेबांनी कुरकुर केली, पण परवानगी दिली. बारा नंबरमध्ये निम्म्याला गोंद होता, पंप बंद, व्हॉल्व्ह बंद. आत काही येत नव्हतं, बाहेर काही जात नव्हतं. तीन वाजता मी टाकीवर चढले. एका हातात भरलेली झारी, शेजारी आणखी दोन बादल्या पाणी. ऊन असं की लोखंडाचा वास येत होता.

"पॅनल," मी म्हणाले. "बारा नंबर किती?"

मग तो आवाज. "त्रेचाळीस."

"सकाळी किती होता?"

"सकाळच्या नोंदीत पन्नास आहे."

"आता बघत राहा."

मी झारी उचलली आणि त्या तापलेल्या वेटोळ्यावर पाऊस पाडायला सुरुवात केली. पहिले थेंब बघता बघता सुकले, गरम झळ माझ्या तोंडावर आली. मग धार लागली. पाणी नळीवरून, कठड्यावरून, माझ्या बुटांवरून वाहत राहिलं. झारी संपली, भरली, पुन्हा ओतली.

"चव्वेचाळीस," सेट म्हणाला. "पंचेचाळीस..." मग घाईने, जवळजवळ आनंदाने, "सेहेचाळीस! सत्तेचाळीस! मीटरबाई, वर येतोय!"

"साहेब पाहताहेत का?"

"पाहताहेत. चष्मा काढून पुसून पाहताहेत."

अर्धा तास मी पाणी ओतत होते. आकडा पन्नासला येऊन टेकला आणि थांबला. मी सेट तोंडाशी धरला. कंट्रोल रूम, वर्कशॉप, कॅन्टीन, साऱ्या कारखान्यात सेट चालू होते. परवा सगळ्यांसमोर हसले होते, तेव्हा आजही सगळ्यांसमोरच.

"साहेब, ट्रान्समीटर चांगला आहे. पडदा चांगला आहे. ग्लासाचा काही संबंध नाही. नळी मी उन्हात बांधली, आवरण मी चढवलं नाही. मास्तरांनी पाच वेळा कळवलं. मी चार वेळा उशिरा आले आणि पाचव्या वेळी आलेच नाही, त्यांची चेष्टा केली. चूक माझी आहे."

मग साहेबांचा आवाज. "खाली या. पायऱ्या ओल्या असतील, जपून."

मला लेखी ताकीद मिळाली. काकांना तो मुका स्विच आठवड्यात बदलायचा हुकूम मिळाला, ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी स्वतः शिडी धरून उभे राहिले, मी नळीवर आवरण चढवत असताना. मास्तर त्याच संध्याकाळी पॅनलवर परतला होता.

पण सेटवर मात्र नुसते आकडे. "बारा नंबर, साठ." "बारा नंबर, बासष्ट." पुढे काहीच नाही. मी लॉगबुकात मुद्दाम 'दुरूस्त' लिहिलं. तीन दिवस ते तसंच राहिलं.

* * *

शनिवारी सुटताना फाटकाबाहेर मला तो दिसला, बसथांब्याकडे चाललेला. मी पळत गाठलं. धाप लागली होती, आणि काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"तुम्ही रागावलात का?"

तो थांबला. "मी? तुमच्यावर?"

"मग बोलत का नाही?"

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "चौथ्यांदा मी खोटं बोलावलं होतं तुम्हाला. आधीचे तीन निरोप खरे होते... चौथा नव्हता. लांडगा आला रे आला म्हणून ओरडलो, आणि पाचव्यांदा खरोखर आला तेव्हा तुम्ही हसलात. हसणारच. मग चौकशीत काय सांगणार होतो? की बाईंबरोबर चहा प्यायचा होता, म्हणून? तुमचं नाव कशाला यायला हवं त्यात? म्हणून ग्लासाचं लिहिलं."

"खोटं लिहिलंत."

"पहिल्यांदाच. त्यातली वाक्यरचनासुद्धा मला आवडली नव्हती."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. रस्त्यावर माणसं होती, सायकली होत्या, पण आता थांबले असते तर पुन्हा कधी बोलणं झालं नसतं.

"मी पण एक सांगते. पहिले तीन खरे होते ना? मला तेही खोटेच वाटले होते. मला वाटलं होतं तुम्ही उगाच बोलावता. आणि तरी मी येत होते. दर वेळी पिंपाच्या पाण्यात बघून, केस सारखे करून... साडेचारपर्यंत काम संपवायची नुसती घाई व्हायची. ट्रान्समीटरसाठी नाही."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"वाक्य अर्धवट आहे," तो हळूच म्हणाला. "ट्रान्समीटरसाठी नाही, तर...?"

"ते तुम्ही पुरं करा. मास्तर तुम्ही आहात."

"चुकलं तर?"

"दुरुस्त करू."

तो हसला. मग पिशवी खाली ठेवली, सरळ उभा राहिला, वर्गात पहिल्यांदा कविता म्हणायला उठलेल्या मुलासारखा. "मला तुम्ही आवडता. कॅन्टीनमध्ये ओरडलात तेव्हापासून. बाबांना रोज पेपर वाचून दाखवतो तसं रोज तुमचंही सांगतो, आज टाकीवर काय झालं, आज काय म्हणाल्या. परवा ते म्हणाले, पेपर राहू दे, आधी तिचं सांग. त्यांना तुम्हाला भेटायचंय. आणि मला... मला रोज भेटायचंय. बोलावण्यासाठी काही बिघडायची वाट न पाहता."

वाऱ्याने माझी ओढणी त्याच्या मनगटावर गेली. मी ती ओढून घेतली नाही.

"उद्या सुट्टी आहे," मी म्हणाले. "उद्या येते बाबांकडे. पेपर मी वाचेन."

"उच्चार स्पष्ट हवेत हं. कडक आहेत ते."

"शिकवाल की."

कोपऱ्यावर बस वळली. थांब्यावरची माणसं सरसावली, कुणीतरी छत्रीने कुणालातरी ढोसलं, एकच गलका उडाला. त्याने पिशवी उचलली, आणि दुसरा हात—तो डावा, शाईच्या डागाचा—माझ्यापुढे धरला.

"चल," तो म्हणाला.

चला नाही. चल.

मी त्याचा हात धरला आणि चढले.